तिसऱ्या पानापर्यंत

नाना, काल मी तुमच्या खुर्चीवर बसले. आधीच सांगून टाकते, नाहीतर दुसऱ्या कुणाकडून कळलं की तुम्ही भुवई वर कराल. युनिव्हर्सिटीच्या हॉलमधली तीच निळी खुर्ची, एक पाय आखूड असलेली. त्या पायाखाली तुम्ही शेवयांच्या खोक्याचा पुठ्ठा दुमडून घातला होतात, तो अजून तिथेच आहे. तुम्हाला जाऊन आज एकोणीस दिवस झाले.

पुण्याची सून आणि नागपूरचे सासरे म्हटल्यावर आपलं भांडण ठरलेलंच होतं. वरणात गूळ घालणाऱ्या लोकांशी काय बोलावं, असं तुम्ही माझ्या तोंडावर म्हणायचात, आणि तुमच्या रश्शाने डोळ्यांतून पाणी काढत मी तुम्हाला उलट सुनवायचे. ती सगळी भांडणं मिटली. चहाबरोबर मिटायची. एकच अर्धं राहिलं, आणि त्यातलं शेवटचं वाक्य माझं आहे. ते मला परत घ्यायचंय. तुमच्यासमोर घ्यायला हवं होतं, ते जमलं नाही, म्हणून हे लिहायला बसलेय.

सासूबाई गेल्यावर सचिन तुम्हाला इथे परदेशात, गॉलवेला घेऊन आला, तेव्हा तुमच्याबरोबर दोन बॅगा होत्या. एकीत कपडे. दुसरीत माझ्या आईने पुण्याहून नागपूरला मुद्दाम पाठवलेली भाजणी आणि गोडा मसाला असणार, म्हणून मी विमानतळापासून त्या बॅगेवर डोळा ठेवून होते. घरी येऊन उघडली तर वह्या! चौतीस वह्या, सुतळीने बांधलेल्या.

"नाना, भाजणी?"

"वजन झालं ना बाई. मंग काय करू? वह्या ठेवून येऊ का?"

दोन दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. त्या वह्यांत काय आहे ते सचिनने मला सांगितलं, आणि मग तर मी कपाळालाच हात लावला. तुमच्या नागपूरच्या कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा प्रत्येक सामना, प्रत्येक बास्केट, प्रत्येक फाउल, पहिल्या वर्षापासून. उंची पाच फूट एक इंच, तरी तुम्ही निवड चाचणीला गेला होतात. सरांनी तुमच्या हातातला बॉल काढून घेतला आणि पेन्सिल दिली. "लिही," म्हणाले. तुम्ही लिहायला लागलात ते लागलातच. पदवी झाली, पोस्टात सॉर्टिंगची नोकरी लागली, लग्न झालं, सचिन झाला, रिटायर झालात, आणि सामना असला की तुम्ही सिमेंटच्या त्या कोर्टाच्या कडेला वही उघडून बसलेले. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी सीमांतपूजन आणि सामना एकाच वेळी आले, तेव्हा धाकट्या भावाला वही घेऊन पाठवलंत. त्या पानावर लाल शाईत तुमचा शेरा आहे : 'या पानाची खात्री नाही.' स्वतःच्या भावावर!

"जिंकली का कधी तुमची टीम?" मी चिडवायला विचारलं.

"जिंकली ना," तुम्ही म्हणालात. "एकदा."

मला हसू आलं होतं तेव्हा. आता त्या 'एकदा'चा विचार केला की मी हातातलं काम सोडून उभी राहते. कॉलेजची पोरं तीन-चार वर्षांत निघून जातात, नोकऱ्या धरतात, पोटं सुटतात. सर बदलतात, जर्सीचा रंग बदलतो. जे हरणाऱ्या टीममध्ये खेळले तेही ती टीम विसरतात. आणि कधी एक मिनिटही न खेळलेला माणूस पन्नासच्या वर वर्षं दर सामन्याला तिथे हजर. हे कुठून आणलंत हो तुम्ही? मला एक जिम दोन महिने टिकत नाही.

इथे आल्यावर पहिला हिवाळा तुम्ही खिडकीपाशी बसून काढलात. पाऊस बघायचात आणि म्हणायचात, "याले काही टाइमटेबल हाय का नाई?" तुमची नात इरा तेव्हा नऊ वर्षांची होती, शनिवारी युनिव्हर्सिटीच्या पूलवर पोहायला जायची. एका शनिवारी मी तुम्हालाही गाडीत घातलं आणि शेजारच्या हॉलमध्ये बसवून आले, निदान कोरडे तरी राहाल म्हणून. तासाभराने न्यायला आले तर तुम्ही बाकाच्या टोकावर, पूलच्या वेळापत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारत होतात. समोर युनिव्हर्सिटीच्या मुलींचा सामना चालू होता.

"ते सात नंबरची पोट्टी डावीकडून जात नाई. भिते," तुम्ही मला सांगितलंत. नमस्कार नाही, चमत्कार नाही.

तिसऱ्या शनिवारी तुम्ही 'आपली टीम' म्हणालात. मी लगेच पकडलं. "काय नाना, पार्टी बदलली?"

"पार्टी नाई बदलली. कॉलेज बदललं. पोट्टे तिथंही येतेत आन जातेत, इथंही. कोणाले तरी बसून राहा लागते ना बाई."

स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलवर तुम्हाला ब्रीडने ओढलं. ब्रीड, घड्याळ आणि स्कोअरबोर्ड सांभाळणारी, साठीची, आवाज असा की फोन न लावता पार पुढच्या शहरात, लिमरिकला ऐकू जावा. त्या दिवशी त्यांचा स्कोअर लिहिणारा मुलगा आलाच नव्हता आणि पंच चिडला होता. ब्रीडने तुमचा कागद बघितला आणि ओरडली, "युअर मॅन हिअर हॅज इट ऑल रिटन डाउन!" तुम्हाला इंग्रजी कळलं की नाही कोण जाणे, पण तुम्ही उठलात, कोटाची बटणं लावलीत आणि जाऊन त्या निळ्या खुर्चीवर बसलात. सहा वर्षं बसलात.

मुली तुम्हाला 'नाना' म्हणायला लागल्या. सामन्यानंतर तुमच्या सांबारवडीच्या डब्यावर तुटून पडायच्या. सांबार म्हणजे नागपुरी भाषेत कोथिंबीर, हे तुम्ही त्यांना शिकवलंत, आणि आता गॉलवेतल्या दहाबारा मुली भाजीच्या दुकानात सांबार मागत असतील, देवच जाणे.

एक गोष्ट मात्र मला कधी झेपली नाही. तुम्ही टाळी वाजवायचा नाहीत. हॉल डोक्यावर घेतला जायचा, इरा बाकावर उभी राहून किंचाळायची आणि तुम्ही खाली मान घालून लिहायचात. चेहऱ्यावरची माशीही हलत नसे. गेल्या हिवाळ्यात तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा खेळाडूंचे नंबर वाचून सांगायला मी शेजारी बसायला लागले. पहिल्याच सामन्यात कॅप्टन ईफाने लांबून तीन पॉइंटचा बास्केट टाकला आणि मी टाळ्या पिटल्या. तुम्ही माझ्या मनगटावर हात ठेवलात.

"टेबलवर बसला, त्याले हात नसते वं पोरी."

"अहो पण आपली टीम आहे ना!"

"म्हणूनच."

यावर मी तुमच्याशी किती वाद घातला! एकदा, फक्त एकदा वाजवा. घरी वाजवा, स्वयंपाकघरात वाजवा. तुम्ही हसायचात आणि मला चष्मा पुसायला द्यायचात.

मग ती कपची सेमी-फायनल आली. नाना, ती मला पुन्हा सांगायची नाहीये, पण सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

शेवटची दोन मिनिटं. आपण एका पॉइंटने पुढे. ईफाच्या हातून फाउल झाला, पंचाने टेबलकडे वळून तिचा नंबर दाखवला. तुम्ही लिहिलंत. पाचवा फाउल म्हणजे खेळाडू बाहेर, हे मला तोवर पाठ झालं होतं. पण बोर्डवर तिच्या नावापुढे चारच होते. दुसऱ्या क्वार्टरमधला एक फाउल बोर्डवर चढवायचा ब्रीडच्या हातून राहून गेला होता. पंचाच्या लक्षात आलं नव्हतं, पाहुण्या टीमच्याही नाही. बरोबर आकडा अख्ख्या हॉलमध्ये एकाच ठिकाणी होता, तुमच्या कागदावर.

आणि मी तुमच्या कानाशी वाकले. "बोर्डवर चार आहेत नाना. राहू द्या."

तुम्ही माझ्याकडे बघितलंत. रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. मग टेबलावरची पाच आकड्याची पाटी उचललीत आणि हात पूर्ण वर नेऊन धरलीत, सगळ्यांना दिसेल अशी. पंचाने कागद तपासला आणि ईफाला बाहेर काढलं. आपण एका पॉइंटने हरलो.

गाडीत मी फुटले. इरा मागे बसून रडत होती, सांबारवडीचा डबा तुमच्या मांडीवर न उघडलेला. मी म्हणाले, "तुम्हाला ना नाना, ती टीम कधी आपली वाटलीच नाही. तुम्हाला काही वाटतच नाही. तुमचा जीव फक्त त्या कागदात."

तुम्ही खिडकीबाहेर बघत राहिलात. मी रेडिओ लावला.

पुढचे नऊ दिवस आपण औषधांबद्दल बोललो, कचऱ्याचा कुठला डबा कधी बाहेर ठेवायचा त्याबद्दल बोललो. मी रोज ठरवायचे, आज बोलते. रोज ऑफिसला उशीर व्हायचा. दहाव्या दिवशी सकाळी तुम्ही मला चहा ठेवायला सांगितलात आणि चहा उकळायच्या आत गेलात. दोन कप ओतले होते मी.

दहनासाठी तासभर दूर क्लेअरमध्ये जायचं होतं. आपली माणसं असून असून किती असणार, असं मला वाटत होतं. सचिनच्या ऑफिसातले चौघे, मराठी मंडळातली पाच-सहा कुटुंबं. तिथे पोचलो तर बाहेर मिनीबस उभी. दारापर्यंत दोन्ही बाजूंनी मुली, अंगात जर्सी, बोचऱ्या वाऱ्यात उघड्या दंडांनी, ताठ. गार्ड ऑफ ऑनर म्हणतात इथे. आपल्या माणसाला इथले लोक असं पोचवतात, हे मी आजवर दुरून पाहिलं होतं. तुमची पेटी त्यांच्या मधून गेली तेव्हा एकीनेही मान हलवली नाही. पोस्टातला सॉर्टर, पाच फूट एक इंच, आणि सहा-सहा फुटी पोरी त्याच्यासाठी रांग धरून उभ्या. सचिनला मी इतकं रडताना कधी बघितलं नव्हतं. ब्रीडने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि तिच्या त्या आवाजात नाही, अगदी हळू म्हणाली, "सॉरी फॉर युअर ट्रबल." इथे सगळे हेच म्हणतात. मला त्या दिवशी ते पुरलं.

नंतर चहा-सँडविचच्या वेळी ईफा माझ्याजवळ आली. तिचं इंग्रजी मी इथे मराठीत सांगते. "मला माहीत होतं माझे पाच झालेत," ती म्हणाली. "मी बोर्डकडे बघितलं, मग नानांकडे बघितलं. म्हटलं, देवा, यांना दिसू नये. मग त्यांनी पाटी उचलली. त्या वेळी मला भयंकर राग आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मलाच लाज वाटली. मी त्यांना भेटायला येणार होते."

"मीसुद्धा," मी म्हणाले. तिला ते कळलं नसेल.

तिसऱ्या दिवशी तुमचा फोन वाजला. नागपूरहून, तुमच्या कॉलेजच्या मैदानावरच्या शिपाई वासुदेवचा मेसेज : 'नाना, आपण हरलो. ५१-५८.' मी उत्तर लिहिलं, नाना गेले. मग एकेक ओळ येऊ लागली. कुणी किती पॉइंट केले, कुणाचे किती फाउल, दोन्ही टीमचं, शेवटपर्यंत. खाली लिहिलं होतं, 'वहीत चढवून घ्या, बाई.' इथे आल्यावर वासुदेवच्या मेसेजवरून तुम्ही सुरू केलेली पस्तिसावी वही मी उघडली आणि चढवलं. आडव्या रेघेने की गोल करून, ते तुमच्या जुन्या पानावर बघून बघून.

त्यासाठी हॉट प्रेस उघडावा लागला. इथल्या घरांत गरम पाण्याच्या टाकीचं ते कपाट असतं, लोक त्यात टॉवेल ठेवतात. तुम्ही माझे टॉवेल काढून वह्या ठेवल्यात. "इथं कागदाले सर्दी होते," म्हणे. वह्यांच्या शेजारी इथल्या सहा वर्षांची स्कोअरशीट होती, फाइलला लावलेली. तीन पानी कागद, एकाखाली एक. वर लिहिलं की खाली आपोआप उमटतं. वरचं पान लीगला जातं, मधलं पाहुण्या टीमला, तिसरं आपल्याकडे राहतं. तुम्ही ते तिसरं घरी आणायचात.

नाना, माझं काम तुम्हाला ठाऊक आहे. हृदयात घालायच्या नळ्या मी दिवसभर भिंगाखाली तपासते. कुठे ओरखडा, कुठे दाब जास्त, तेच बघायचं. ते पहिलं शीट हातात घेतलं आणि मला काहीतरी वेगळं वाटलं. मग दुसरं घेतलं. मग सगळी काढून स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी नेऊन बसले.

पाहुण्यांचे बास्केट फिकट. वाचता येतात, पण फिकट. आपले काळेभोर. प्रत्येक सामन्यात, सहाही वर्षं. मागच्या बाजूने बोट फिरवलं तर आपला रकाना उठून लागतो. मी जिन्यावरून धावत वह्या आणल्या. नागपूरच्या पहिल्या वहीचं पहिलं पान, पिवळं पडलेलं, पेन्सिलचं. उलटं करून बोट फिरवलं. तिथेही तेच! तुमच्या कॉलेजचा एकेक पॉइंट मागून दाण्यासारखा लागतो. पुढचं पान, त्याच्या पुढचं. चौतीस वह्या, नाना. अहो, तुम्ही तर सगळा वेळ टाळ्या वाजवत होतात!

'या पानाची खात्री नाही' ते भावाच्या हातचं पान सपाट आहे. दोन्हीकडून.

मग मी सेमी-फायनलचं काढलं. ईफाचं नाव. पुढे फाउलचे पाच चौकोन. पहिला, दुसरा, तिसरा, चौथा, सगळे उमटलेले. पाचवा चौकोन कोरा. मी चष्मा लावला, दिव्याखाली धरला, भिंगसुद्धा आणलं. कोरा. वरच्या पानावर तुम्ही तो लिहिलात, मी शेजारी बसून डोळ्यांनी पाहिलंय, पंचाने त्यावरूनच निर्णय दिला. पण हात इतका हलका ठेवलात की शाई खाली आलीच नाही. पाटी सगळ्या हॉलला दिसेल अशी धरणारा माणूस तो एक फाउल कागदावर दाबू शकला नाही. आपल्या घरातल्या पानावर ईफाचे अजून चारच आहेत.

आणि मी तुम्हाला म्हणाले, काही वाटतच नाही.

घेते नाना. ते वाक्य परत घेते. पूर्ण, शब्द न शब्द. पण खोटं नाही बोलणार, तुमच्याशी तर नाहीच. माझ्या हातात असती तर मी ती पाटी उचलली नसती. अजूनही नाही. म्हणजे भांडण माझ्याकडून चालूच आहे, तुम्ही काय ते बघा. फक्त आता कळतंय की मी कुणाशी भांडत होते, आणि माझी मान वर जाते, देवळाच्या कळसाकडे बघताना जाते तशी.

ब्रीडचा परवा फोन आला. "टेबलवर कुणी नाही गं," म्हणाली. म्हणून काल गेले. सामन्याआधी माइकवरून सांगितलं की आज आपण नानांसाठी एक मिनिट टाळ्या वाजवणार आहोत. इथे शांतता पाळतात किंवा टाळ्या वाजवतात. त्यांनी टाळ्या निवडल्या. त्यांना काय माहीत!

सगळे उठले. दोन्ही टीम, दोन्ही पंच, पाहुण्यांच्या पोरींचे आईबाप. ब्रीडही उठली. आवाज छताला लागला. पत्र्याचं छत आहे ते, नाना, पाऊस पडला की पंचाची शिट्टी ऐकू येत नाही असं तुम्ही म्हणायचात. काल पाऊसच ऐकू येत नव्हता. इरा समोरच्या बाकावरून मला खुणावत होती. डोळे गळत होते तिचे. "मॉम! यू कॅन क्लॅप, लाइक!"

मी उभी राहिले. माझे हात टेबलावर होते, पालथे, कागदाच्या दोन्ही बाजूंना. सगळ्या हॉलमध्ये तेवढे दोनच हात गप्प होते. उचलावेसे वाटत होते, फार वाटत होते. नाही उचलले.

सामना सुरू झाला. पहिला बास्केट ईफाचा, डावीकडून. मी तिचा नंबर लिहिला, रेघ मारली.

ब्रीडने एका हाताने घड्याळ सांभाळत दुसऱ्या हाताने वरची दोन पानं उचलली आणि खालच्या तिसऱ्या पानावर बघितलं.

"ग्रँड," ती म्हणाली. "केम राइट थ्रू."